फळ शेजारच्या झाडाला

जालन्याच्या माणसाला धीर धरायला कोणी शिकवावं लागत नाही. नळ शिकवतो. जुन्या जालन्यात पाणी येण्याचा दिवस सणासारखा असतो. येणार हे नक्की, पण पंचांग कोणाचं खरं धरायचं यावर गल्लीत दोन पक्ष. पहाटे चारला हंडे मांडून बसायचं, सहाला कळायचं की आज नाही, उद्या. उद्या कळायचं की काल रात्री दोनला येऊन गेलं. २०१३ च्या उन्हाळ्यात तर टँकरचा भोंगा आम्ही कोणत्याही रागापेक्षा लवकर ओळखायचो. कुंडलिकेच्या या काठाला वाढलेल्या माणसाला वयाच्या बावन्नाव्या वर्षी पेटी शिकायला असा कितीसा धीर लागणार, असा मी हिशेब केला. तो साफ चुकला. एका बियाण्याच्या कंपनीत मी हिशेबनीस आहे, हे इथे उगाच सांगत नाही.

सुरुवात आमच्या चर्चच्या कमिटीत झाली. रविवारच्या उपासनेला तीसेक वर्षं पेटी वाजवणारे काका मुलाकडे पुण्याला राहायला गेले आणि सोबत त्यांची स्वतःची पेटीही गेली. दोन रविवार मंडळी नुसत्या टाळ्यांवर गायली. तिसऱ्या रविवारी पहिलं कडवं काळी एकमध्ये सुरू होऊन शेवटचं कुठे संपलं, ते संपल्यावरही कोणाला सांगता येईना. पाळकसाहेबांनी कमिटी बोलावली. बायबलमध्ये इतिहासाच्या पहिल्या ग्रंथात कनन्या नावाच्या लेव्याची नोंद आहे. दावीद राजाने कराराचा कोश यरुशलेमेत आणला तेव्हा तो गायनाचा प्रमुख होता, कारण तो त्या कामात निपुण होता. आमच्या कमिटीने निपुण कोण हा प्रश्न घेतलाच नाही. "पेटी कोणाच्या घरी आहे?" एवढंच विचारलं. आजोबांची पेटी आमच्या माळ्यावर आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं. एकमताने ठराव झाला.

माळ्यावरून पेटी काढली तर उंदरांनी भात्याची घडी कुरतडून आत संसार थाटलेला. ती घेऊन मी पेट्या दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे गेलो. त्याच्या टेबलावर एका भजनी मंडळाची पेटी आधीच उघडी पडली होती. आषाढीला आनंदी स्वामींची पालखी निघायच्या आत ती त्यांना हवी होती. दोन्ही पेट्या शेजारी ठेवून तो म्हणाला, "आजार एकच आहे. धूळ." पेटीचं पोट मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. पितळेच्या पातळ पात्या, एकेक चिमुकल्या चौकटीत बसवलेल्या. त्यांनाच सूर म्हणतात. पातीचं टोक किंचित खरवडलं की सूर चढतो, बुडाशी खरवडलं की उतरतो. मधे धुळीचा एक कण अडकला तरी सूर मुका होतो. मग कागदाची पट्टी हळूच सरकवून तो कण काढायचा. कारागीर एकेक पाती छेडायचा, कान लावायचा, दोनदा कानस फिरवायचा, पुन्हा छेडायचा. एका सुराला त्याने पंधरा मिनिटं घेतली. मी घड्याळ पाहतोय हे पाहून म्हणाला, "साहेब, जास्त खरवडलं तर परत लावता येत नाही." या वाक्यावर मी पुढे बराच विचार केला, पण त्या दिवशी मात्र पावती मागितली.

मास्तर मिळाले ते बेथेलकडचे. जालन्याजवळचं हे गाव एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्रींनी वसवलं. ब्राह्मणाचे ख्रिस्ती झालेले, स्कॉटिश मिशनचे धर्मोपदेशक. निजाम सरकारकडून माळरानाची जमीन मिळवली आणि नव्या विश्वासात आलेल्या कुटुंबांना तिथे घरं, विहीर, शाळा, शेती उभी करून दिली. मास्तरांची मोसंबीची बाग आहे. पेटी ते वडिलांकडून शिकले, वडील त्यांच्या वडिलांकडून, आणि फी कोणीच कोणाला दिलेली नसल्याने तेही घेत नाहीत. हे ऐकून मला आनंद झाला. फुकटच्या मास्तराला चुकवता येत नाही, हे नंतर कळलं.

पहिल्या दिवशी मी उपासना संगीताचं पुस्तक उघडून बसलो. नाताळला दोन महिने होते. मास्तरांनी पुस्तक मिटलं, पेटीचा भाता सोडला आणि म्हणाले, "हवा भरा."

"कोणता सूर दाबू?"

"कोणताच नाही. नुसती हवा."

पहिला आठवडा मी नुसता भाता हलवला. चुलीला फुंकर घालतात तसं नाही, झोपलेल्या लेकराला थोपटतात तसं, असं ते सांगत. दुसऱ्या आठवड्यात सा मिळाला. फक्त सा. डोळे मिटून, एकाच जाडीचा, न थरथरता, मास्तर 'बस' म्हणेपर्यंत. मास्तरांना बस म्हणायची सवय नव्हती. तिसऱ्या आठवड्यात आमच्या भिंतीपलीकडचे चाचा दारात आले. त्यांचं भंगाराचं दुकान आहे. जालन्यातल्या रोलिंग मिलची यंत्रं ते आवाजावरून ओळखतात. त्यांनी अदबीने विचारलं, "साब, मशीन में कुछ फंस गया क्या? तेल भेजूं?"

धीर हा विषय माझ्या डोक्यात तेव्हा शिरला आणि अर्थातच उलट्या बाजूने शिरला. मला वाटलं, काय सोसतोय मी!

खरं सांगायचं तर या वाद्याने सोसलंही पुष्कळ आहे. १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांद्र देबँ याने हार्मोनियमचं पेटंट घेतलं. मिशनरी मंडळी ते घेऊन हिंदुस्थानात आली, कारण गलबतातून भलामोठा पाइप ऑर्गन आणण्यापेक्षा हे सोपं. तेव्हा ते पायाने हवा भरायचं वाद्य होतं, आपली पायपेटी. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी तिचे पाय काढले आणि मांडी घालून बसणाऱ्या देशाच्या मांडीपुढे ती ठेवली. मग ती सुटलीच. चर्चमधून नाटकात, नाटकातून कीर्तनात, कव्वालीत, गुरुद्वारात, गणपतीच्या मांडवात. आमच्यातही आधी इंग्रजी चालींवर मराठी शब्द ठोकून बसवलेली गीतं होती. अहमदनगरचे कृष्णराव सांगळे ख्रिस्ती कीर्तनं करू लागले, पुढे नारायण वामन टिळकांनी अभंग-ओवीच्या वाटेने ख्रिस्त गायला, आणि विलायती वाद्य देशी सुरात आमच्या पुलपिटाशेजारी कायमचं बसलं. एवढं सगळं झाल्यावर आकाशवाणीने १९४० साली पेटीला बाहेर काढलं. तिच्यात मींड निघत नाही, श्रुती बसत नाहीत, ती परकी आहे, अशा तक्रारी होत्या. रवींद्रनाथांनाही ती नकोशी होती. बंदी उठायला १९७१ उजाडलं. एकतीस वर्षं! आमच्या घरात बंदीचा ठराव आला तेव्हा मी हा दाखला दिला. ही म्हणाली, "मग एकतीस वर्षांनीच काढा बाहेर."

इथे एक खुलासा. इतरांच्या बोलण्यात 'आमची मंडळी' म्हणजे बायको. आम्हा ख्रिस्ती लोकांत मंडळी म्हणजे चर्चचे सगळे सभासद. माझ्या पेटीने दोन्ही मंडळींना एकाच वेळी एकाच मताला आणलं, हे काम भल्याभल्या पाळकांना जमलेलं नाही.

शास्त्रात माझ्या बाजूने आणि विरुद्ध, दोन्हीकडे पुरावे आहेत. शौल राजाला दुष्ट आत्मा छळायचा तेव्हा दावीद वीणा वाजवायचा आणि राजाला बरं वाटायचं, हे सगळे सांगतात. त्याच शौलाने वीणा ऐकता ऐकता दाविदावर भाला फेकला, आणि दाविदाला तो दोनदा चुकवावा लागला, हे मात्र रविवारच्या शाळेत घाईने आटोपतात. हे दाविदाच्या हाताला झालं, लक्षात घ्या. माझ्या हाताला आमच्या स्वयंपाकघरातून नुसतं लाटणं जोरात आपटल्याचा आवाज यायचा, तर मी त्यात ठेका शोधायचो. डाव्या भिंतीच्या काकूंनी वेगळी तोड काढली. "तुमचं सुरू झालं की मी कुकर लावते," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या शिट्टीला तुम्ही थांबता. वरण बरोबर शिजतं." एकदा उत्साहात मी अर्धा तास जास्त बसलो. वरण करपल्याचा वास मलाच आधी आला.

तीन महिन्यांत अलंकार आले. सारेग, रेगम, गमप. चढताना बोटं शिस्तीत चालायची, उतरताना बाजार उठल्यासारखी पांगायची. अंगठा काळ्या पट्टीवर जाऊ द्यायचा नाही, करंगळी झोपू द्यायची नाही. मास्तर गुडघ्यावर ठेका धरत. एकपट, मग दुप्पट. मी दुप्पटीला पळालो की ते पुन्हा एकपटीला आणून बसवत. नाताळ आला आणि गेला. मंडळीने टाळ्यांवरच गायलं. मी शेवटच्या बाकावर बसून टाळ्या वाजवल्या, आणि त्याही किंचित मागे पडत होत्या असं आमच्या शेंडेफळाचं म्हणणं आहे.

जानेवारीत एक दिवस मास्तर म्हणाले, "आता तुमाला तान द्यायची वेळ आली."

मी घरी येऊन पेढे आणले. तान! वर्षही झालं नाही आणि तान! हिला सांगितलं, चाचांना सांगितलं, मोबाइलवर मोठ्या लोकांच्या पेटीवादनाच्या चित्रफिती लावून बोटं नाचवून पाहिली. दुसऱ्या दिवशी मास्तर आले, पेटीवर कापड टाकलं आणि म्हणाले, "पंधरा दिवस गीत नाही, राग नाही. फक्त सा. सकाळी पाऊण तास."

"आणि तान?"

"हीच तान."

मास्तर ण चा न करतात, हे मी विसरलो होतो. ते मला बागेत घेऊन गेले. मोसंबीला ताण द्यावा लागतो, हे मी कागदावर पाहिलेलं. बियाणं कंपनीच्या वहीत शेतीचं सगळं असतं, फक्त शेत नसतं. आंबे बहार धरायचा तर डिसेंबरात पाणी तोडायचं. मध्यम जमीन असेल तर महिना-सव्वा महिना थेंब नाही. झाडं मलूल होतात, पानं पिवळी पडतात, काही गळतात; बघणाऱ्याचा जीव खालीवर होतो. मग आळी करून, खत घालून आधी हलकं पाणी, मग भरपूर. आणि त्या उपाशी फांद्यांना फूल येतं. "बाराही महिने पाणी पाजलं तर झाड लै खुश असतंय," मास्तर म्हणाले. "पालाच पाला. फळ कामून देईल?" मग माझ्याकडे पाहून, "तुमाला रोज नवं गीत पायजे."

बागेच्या एका कडेला ओळीने खुंट होते, वाळलेले, कुऱ्हाडीने तोडलेले. २०१३ चे. त्या वर्षी ताण देणारा माणूस नव्हता, आभाळ होतं, आणि तो ताण तोडायचा कधी हे माणसाच्या हातात नव्हतं. जालना जिल्ह्यात त्या उन्हाळ्यात बागाच्या बागा सरपणात गेल्या. मास्तरांनी टँकर घेऊन निम्मी झाडं जगवली. उरलेल्यांना शेवटचं पाणी कधी दिलं ती तारीख त्यांना पाठ आहे. त्यांनी ती सांगितली आणि लगेच, "चला, ऊन झालं," म्हणून उठले. परत येताना मोटारसायकलवर आम्ही दोघंही बोललो नाही. बाग पुन्हा लावली तर मोसंबीला धरायला पाचेक वर्षं जातात, हे मला वहीतून माहीत होतं.

पंधरा दिवस मी सा धरला. चाचांनी तेल पाठवलं नाही. सोळाव्या दिवशी काकूंनी भिंतीवरून विचारलं, "नवी पेटी आणली का हो?" मी ते अजून कोणालाही सांगताना आवाज स्थिर ठेवू शकत नाही.

मग मंडळीपुढे बसायचा पहिला रविवार. याकोबाने राहेलसाठी सात वर्षं चाकरी केली आणि सकाळी उजाडल्यावर पाहतो तर शेजारी लेआ. माझंही तेच झालं. घरी घोटून घोटून बसवलेलं गीत होतं, काळी दोनमध्ये, मध्य लयीत. उपासनेत पहिलं कडवं मी उचलणार, तर पहिल्या बाकावरच्या आजींनी ते आधीच उचललं होतं. कोणत्या पट्टीत, ते मी पुढची दोन कडवी शोधत होतो. आमच्या चर्चचा ताल आजींच्या दम्यावर चालतो. श्वास पुरेल तिथवर ओळ लांबते, मग सगळी मंडळी थांबते, आजी पदर सावरतात, श्वास घेतात, आणि समेवर सगळे एकत्र पडतात. सम कुठे आहे हे आजींना आणि देवाला ठाऊक. मी पेटीवर त्यांच्या पाठीमागे धावत होतो, कधी पुढे निघून जात होतो, आणि परत येताना दुसरेच काही सूर घेऊन येत होतो.

मला त्या दिवशी बाख आठवला. योहान सेबास्टियन बाख विशीत आर्नश्टाटच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायचा. १७०५ साली त्याने चार आठवड्यांची रजा काढली आणि म्हाताऱ्या बुक्स्टेहुडेचा ऑर्गन ऐकायला ल्यूबेकला गेला, चालत. अंतर चारशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे जालन्याहून मुंबईला पायी. परत आला चार महिन्यांनी. रजेचा हिशेब विचारायला चर्चच्या अधिकाऱ्यांनी बोलावलं तेव्हा त्यांनी आणखी एक ठपका ठेवला: हा गीतांत चित्रविचित्र सूर मिसळतो आणि मंडळीला गोंधळात टाकतो. उपासना संपल्यावर आमच्या खजिनदारांनी मला शब्दशः हेच सांगितलं. बाखच्या इतकं जवळ मी पुन्हा कधी जाईन असं वाटत नाही. चारशे किलोमीटर चालून या, असं खजिनदारांनी सुचवलं नाही, पण चेहऱ्यावर होतं.

पुढच्या रविवारी मला वाटलं, बाकं रिकामी असतील. सगळे आले. आजी आल्या, पहिल्या बाकावर, पदर सावरत. त्या दिवशी वचन गलतीकरांच्या पत्राचं होतं, पाचवा अध्याय: आत्म्याचं फळ. प्रीती, आनंद, शांती, आणि चौथी सहनशीलता. पाळकसाहेब चौथ्यावर जरा जास्त थांबले आणि पेटीकडे पाहायचं त्यांनी कटाक्षाने टाळलं. मी मात्र बाकांकडे पाहत होतो. इतके महिने मी समजत होतो की धीर मी धरतोय. पहाटे उठतो मी, सा धरतो मी, बोटं दुखतात माझी. पण मला निदान हे तरी माहीत होतं की उद्या थोडं बरं वाजेल. त्या लोकांना तेही माहीत नव्हतं. नाटकातला प्रेक्षक उठून जातो, रेडिओ बंद करता येतो. मंडळीला माझ्या चुकीच्या सुरावर तोंड उघडून गावंही लागतं. आणि वर ते आमेन म्हणतात! पाणी मला घातलं होतं, ताण मला दिला होता, आणि फळ शेजारच्या झाडांना लागलं होतं, बाकांच्या ओळीने, चाचांच्या भंगाराच्या दुकानात, काकूंच्या कुकरवर.

इतिहासाच्याच पहिल्या ग्रंथात पंचविसाव्या अध्यायात मंदिरातल्या शिकून तयार झालेल्या वादक-गायकांची संख्या दिली आहे: २८८. पाळ्या ठरवताना गुरू आणि शिष्य असा भेद न करता सरसकट चिठ्ठ्या टाकल्या, असंही लिहिलंय. म्हणजे एखाद्या दिवशी यरुशलेमेच्या वाट्यालाही माझ्यासारखा कोणीतरी येत असणार. त्या दिवशीच्या ऐकणाऱ्यांचा आकडा कोणी लिहून ठेवलेला नाही.

यंदा पुनरुत्थानाच्या सणाची पहाटेची भक्ती नेहमीप्रमाणे कब्रस्तानात ठरली. कमिटी म्हणाली, पेटी हवीच. आदल्या रात्री ओळखीच्या रिक्षावाल्याला फोन लावला.

"भाई, सुबह चार बजे आना. कब्रस्तान जाना है."

"आता साब. कितने लोग?"

"मैं अकेला. साथ में एक पेटी है."

तिकडे जरा शांतता. मग हळू आवाजात, "किसकी है साब?"

"मेरी."

फोन कट झाला. पहाटे तो आला नाही. शेवटी चाचांनी भंगाराचा हातगाडा काढला. गाड्यावर पेटी, मागे मी, पुढे चाचा, आणि बाजूने ही, हातात मेणबत्त्यांची पिशवी. गांधी चमनच्या बाजूने आमची वरात निघाली तेव्हा फिरायला निघालेल्या दोन गृहस्थांनी थांबून चपला काढल्या आणि हात जोडले.

कब्रस्तानात अंधार होता. मंडळी जमली होती, डोक्यांवर पदर, शाली, लेकरं कडेवर पेंगत. मास्तर बेथेलहून आले होते, मोसंबीची पिशवी घेऊन. माझे आजोबा, ज्यांची ही पेटी, डावीकडच्या तिसऱ्या ओळीत आहेत. त्यांच्या शेजारची जागा मोकळी म्हणून मी तिथेच सतरंजी टाकली. पूर्वेला किंचित उजळलं. पाळकसाहेबांनी मान हलवली. आजींनी श्वास घेतला. या वेळी मी पट्टी आधीच शोधून ठेवली होती, त्यांच्या बरोबर उचलली, आणि हातात आलंय म्हटल्यावर आनंदाने भाता जोरजोरात मारू लागलो. पेटी त्या शांततेत अशी कडाडली की पिंपळावरचे पक्षी उडाले.

मास्तरांनी मागून माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"जरा हळू मारा भाता," ते कानात म्हणाले. "वेळेच्या आधी उठतील."